सेरोटोनिनने नेमकं कुठलं चॅनल हलवलं हे शोधायचं कसं

एमएस्सीची मुलं हमखास विचारतात, सर सेरोटोनिन न्यूरॉनला एक्साइट करतं की इनहिबिट? (सेरोटोनिन म्हणजे मज्जासंस्थेतलं निरोपाचं एक रसायन, न्यूरॉन म्हणजे मज्जापेशी, तिलाच पुढे सेल म्हणतोय.) मी दरवेळी सांगतो की असं विचारू नका, कारण ह्याला एकच एक उत्तर मिळतच नाही. विचारायचं असं की कुठलं चॅनल (पेशीच्या आवरणातली सोडियम, पोटॅशियम वगैरेंची वाट), ते उघडलं की बंद झालं, आणि निरोप आत कोणी नेला. ह्या तीन गोष्टी समजल्या की सेल वर जाणार की खाली हे आपोआप कळतं. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांमध्ये, म्हणजे गोगलगाय, समुद्री ससा, जळू, लॉबस्टर वगैरे, ह्या तिन्ही गोष्टी इतक्या स्वच्छ दिसतात की शिकायला ह्याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

पॅरिसमध्ये गेर्शेनफेल्ड आणि पोपार्दँ-त्रित्श ह्या दोघांनी १९७४ मध्ये अ‍ॅप्लिसिया (तोच समुद्री ससा) आणि हेलिक्स गोगलगाय ह्यांच्या न्यूरॉनवर सेरोटोनिन टाकून पाहिलं तर त्यांना एक नाही, दोन नाही, सहा वेगवेगळ्या प्रकारचे रिस्पॉन्स मिळाले. कुठे सोडियमची वाट उघडते, एकदा पटकन आणि एकदा सावकाश, कुठे पोटॅशियमची उघडते, कुठे क्लोराइडची, कुठे पोटॅशियमची बंद होते आणि कुठे सोडियम पोटॅशियम दोन्ही कमी होतात. औषध तेच, प्राणी तोच, सेल बदलला की कथा बदलली. म्हणून खाली जे लिहितोय तो क्रम पाळा, घाई करून मधली पायरी गाळलीत तर शेवटी आकडे हातात असतील पण त्यांचा अर्थ लावता येणार नाही.

आधी प्राणी. हे सगळं शास्त्र उभं राहिलं ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या अ‍ॅप्लिसियावर, ज्याला सी हेअर म्हणतात. त्याच्या सगळ्या मज्जासंस्थेत मिळून साधारण २०,००० न्यूरॉन, पण त्यातले काही इतके मोठे की नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखे दिसतात, सगळ्यात मोठे तर जवळजवळ १ मिलिमीटरचे. आणि प्रत्येक प्राण्यात तोच सेल त्याच जागी सापडतो म्हणून त्यांना नावं आहेत, आर-१५, एल-७ अशी. एरिक कँडेलला २००० सालचं नोबेल ह्याच प्राण्यावरच्या कामासाठी मिळालं. आपल्याकडे तुमच्या हाताशी येण्यासारखा प्राणी म्हणजे शंखी गोगलगाय, तीच आफ्रिकन जात जी पावसाळ्यात बागेत आणि मराठवाड्यात सोयाबीनवर तुटून पडते. तिच्याही मेंदूच्या गँगलियामध्ये, म्हणजे न्यूरॉनच्या गाठींमध्ये, ओळखता येणारे मोठे न्यूरॉन आहेत, त्यावर जपानी मंडळींनी बरंच काम केलेलं आहे. एक मात्र मनापासून सांगतो, ग्लोव्हज घातल्याशिवाय तिला हात लावू नका आणि नंतर हात साबणाने धुवा, तिच्यात रॅट लंगवर्म नावाचा जंत असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतो.

सलाइन प्राण्याप्रमाणे. अ‍ॅप्लिसियाला कृत्रिम समुद्राचं पाणी लागतं, सोडियम क्लोराइड ४६०, पोटॅशियम क्लोराइड १०, कॅल्शियम क्लोराइड ११, मॅग्नेशियम क्लोराइड ५५ मिलिमोलर आणि ट्रिस बफर, पीएच ७.६ च्या आसपास. जमिनीवरच्या गोगलगायीचं रक्त ह्याच्या मानाने खूप पातळ, तिला समुद्राचं पाणी दिलंत तर सेल आक्रसतील. अ‍ॅप्लिसियाला बेशुद्ध करायला आयसोटॉनिक मॅग्नेशियम क्लोराइड शरीरात टोचतात, प्राणी दोन तीन मिनिटांत सैल पडतो, मग गँगलियॉन काढून सिल्गार्डच्या (मऊ सिलिकॉन रबराच्या) डिशमध्ये पिनांनी ताणून बसवायचं आणि वरचं आवरण बारीक चिमट्याने सोलायचं. हे सोलणं हाताच्या सवयीचं काम आहे, पहिल्या पाच सहा वेळा सेल फाटतीलच, ते धरूनच चाला.

आता सेरोटोनिनचं स्टॉक, म्हणजे मूळ दाट द्रावण, आणि इथे माझी स्वतःची गोष्ट सांगतो कारण ती मला दोन महिन्यांना पडली. सेरोटोनिन दोन रूपात मिळतं, हायड्रोक्लोराइड आणि क्रिएटिनिन सल्फेट. हायड्रोक्लोराइडचं मॉलिक्युलर वेट २१२.७, म्हणजे १० मिलिमोलर स्टॉकसाठी १ मिलिलिटरला २.१३ मिलिग्रॅम. क्रिएटिनिन सल्फेट मोनोहायड्रेटचं ४०५.४, म्हणजे त्याच स्टॉकसाठी ४.०५ मिलिग्रॅम. आमच्याकडे एक बाटली संपली आणि दुसरी आली, लेबल सारखंच दिसत होतं, मी जुन्या हिशेबानेच वजन करत राहिलो आणि डोस निम्म्यावर आला. आर-१५ मध्ये कमी डोसला एक परिणाम आणि जास्त डोसला दुसरा असतो हे तेव्हा मला माहीत होतं पण डोसच चुकलाय हे डोक्यात आलं नाही, मी आठवडेच्या आठवडे सेलला दोष देत बसलो. तेव्हा बाटलीवरचं मॉलिक्युलर वेट प्रत्येक वेळी वहीत उतरवा. बाकी, सेरोटोनिनला उजेड आणि हवा सोसत नाही, द्रावण तपकिरी व्हायला लागलं की ते गेलं समजा. रोज ताजं करा, फॉइल गुंडाळा, बर्फात ठेवा. स्टॉक एक हजार पट पातळ केला की १० मायक्रोमोलर होतं, आणि १ ते २० मायक्रोमोलर ह्या टप्प्यात मोलस्कचे (गोगलगायीच्या जातकुळीतल्या प्राण्यांचे) बहुतेक रिस्पॉन्स दिसतात.

सेलमध्ये इलेक्ट्रोड घातला, पोटेन्शियल स्थिर झालं, आता लगेच सेरोटोनिन सोडू नका. आधी नुसतं सलाइन त्याच नळीतून, त्याच वेगाने, त्याच तापमानाला सोडून बघा. पाण्याचा वेग बदलला किंवा ते दोन अंश गार असलं तरी सेलचं व्होल्टेज हलतं, आणि ते हललेलं तुम्ही सेरोटोनिनच्या नावावर लिहाल. दुसरी खात्री ही की सेरोटोनिन तुमच्याच सेलवर काम करतंय, शेजारच्या सेलला उठवून त्याच्यामार्फत नाही. त्यासाठी मॅग्नेशियम वाढवून कॅल्शियम कमी केलेलं सलाइन वापरतात म्हणजे सायनॅप्स (दोन सेलमधले सांधे) गप्प होतात, पण मग कॅल्शियम करंटही जातो, त्यामुळे कॅल्शियम चॅनलच बघायचं असेल तर सेल वेगळा काढून कल्चरमध्ये घेणं बरं.

मग पहिलं माप, इनपुट रेझिस्टन्स. उणे ०.५ नॅनोअँपिअरची पल्स द्या, समजा व्होल्टेज ५ मिलिव्होल्टने खाली गेलं तर रेझिस्टन्स १० मेगाओहम. सेरोटोनिन दिल्यावर तीच पल्स ६ मिलिव्होल्टच्या पुढे गेली तर रेझिस्टन्स वाढला, म्हणजे कुठलं तरी चॅनल बंद झालं. पल्स लहान झाली तर काहीतरी उघडलं. इथे एक खाचखळगा आहे आणि त्यात भलेभले पडतात, सेरोटोनिनने सेलचं व्होल्टेजही सरकलेलं असतं आणि मेंब्रेनचा रेझिस्टन्स व्होल्टेजप्रमाणे बदलतोच, तेव्हा आधी डीसी करंट देऊन सेलला मूळ जागी आणा आणि मगच पल्स मोजा.

कागदावर एकदा करून बघा, हात बसतो. समजा सेलला दोनच वाटा आहेत, एक लीक (नेहमीची गळती), कंडक्टन्स म्हणजे मोकळेपणा ०.०६ मायक्रोसिमेन्स आणि तिचं रिव्हर्सल (ज्या व्होल्टेजला त्या वाटेतला करंट शून्य होतो) उणे ३५ मिलिव्होल्ट, दुसरी पोटॅशियमची, ०.०४ मायक्रोसिमेन्स आणि रिव्हर्सल उणे ८०. प्रत्येक वाटेचा कंडक्टन्स गुणिले तिचं रिव्हर्सल, ह्या दोन्ही गुणाकारांची बेरीज करून एकूण कंडक्टन्सने भागा, रेस्टिंग येतं उणे ५३ आणि रेझिस्टन्स १० मेगाओहम. आता सेरोटोनिनने पोटॅशियमची वाट निम्मी केली, ०.०२. रेस्टिंग आलं उणे ४६, रेझिस्टन्स साडेबारा. उलट दुसऱ्या सेलमध्ये सेरोटोनिनने तीच वाट दुप्पट केली, ०.०८, तर रेस्टिंग जवळजवळ उणे ६१ आणि रेझिस्टन्स ७.१. बघा, चॅनल पोटॅशियमचंच, पण एक सेल पेटायला टेकला आणि दुसरा झोपला. हे मी नुसतं गणितासाठी घेतलेलं नाही, अ‍ॅप्लिसियात खरोखरच हे दोन्ही सेल आहेत, त्यांच्याकडे पुढे येतोच.

दुसरं माप रिव्हर्सल पोटेन्शियल. व्होल्टेज क्लॅम्प (सेलचं व्होल्टेज ठरवाल तिथे धरून ठेवणारं उपकरण) लावा, सेलला वेगवेगळ्या व्होल्टेजला नेऊन आधीचा करंट आणि सेरोटोनिननंतरचा करंट ह्यांची वजाबाकी करा. तो फरकाचा करंट जिथे शून्य ओलांडतो ते रिव्हर्सल. उणे ८० च्या आसपास आलं तर पोटॅशियमचा संशय घ्या, पण संशयावर थांबू नका. बाहेरचा पोटॅशियम १० वरून ३० मिलिमोलर करा. खोलीच्या तापमानाला दसपट बदलाला ५८ मिलिव्होल्ट, म्हणजे तिप्पट बदलाला साधारण २८. रिव्हर्सल तेवढंच वर सरकलं तर पोटॅशियम पक्का. १० च सरकलं तर दुसरं काहीतरी सोबत आहे. ह्या टेस्टची गंमत अशी की सेलच्या आत पोटॅशियम किती आहे हे माहीत असायची गरजच पडत नाही. क्लोराइडचा संशय असेल तर इलेक्ट्रोडमध्ये ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरू नका, ते गळून आतलं क्लोराइड वाढवतं आणि रिव्हर्सल तुमच्या डोळ्यांदेखत सरकत जातं, पोटॅशियम अ‍ॅसिटेट भरा.

ब्लॉकर, म्हणजे चॅनल अडवणारी रसायनं, ह्यानंतर, आधी नाही. टीईए, ४-एपी, सीझियम, बेरियम ही पोटॅशियम चॅनल अडवणारी सगळी कामाची आहेत पण एकेकट्याने कोणीच पुरावा देत नाही. कॅल्शियम करंट वाढला असं वाटत असेल तर सोडियम काढून टाका, पोटॅशियम चॅनल टीईए आणि ४-एपीने बाहेरून, सीझियमने आतून बंद करा, आणि कॅल्शियमच्या जागी बेरियम द्या, कारण कॅल्शियम आत आलं की ते कॅल्शियमवर उघडणारं पोटॅशियम चॅनल उघडतं. तो पोटॅशियम करंट कमी झाला तरी आत येणारा करंट वाढल्यासारखा दिसतो, आणि माणूस कॅल्शियम वाढलं म्हणून लिहून मोकळा होतो. रिसेप्टर ब्लॉकरबाबत पण जपून, मेथिसर्जाइड, सायप्रोहेप्टाडिन चालतात कुठे कुठे, पण सस्तन प्राण्यांसाठी बनवलेली औषधं अमक्याच रिसेप्टरला धरतात हे गोगलगायीत तसंच्या तसं लागू पडेल असं धरून चालू नका.

आता ते दोन सेल. पहिला अ‍ॅप्लिसियाचा सेन्सरी न्यूरॉन, जो सायफनला (पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीला) हात लावल्याची खबर नेतो. शेपटीला झटका दिला की सेरोटोनिन सुटतं आणि त्यानंतर साध्या स्पर्शालाही प्राणी गिल (कल्ला) जोरात आत ओढतो. ह्या सेलमध्ये एक पोटॅशियम चॅनल आहे, एस चॅनल म्हणतात, रेस्टिंगलाही ते उघडं असतं, कॅल्शियमवर अवलंबून नाही, बाहेरून टीईए देऊन फारसं बंद होत नाही. सेरोटोनिनने ते बंद होतं. सेल थोडा वर सरकतो, रेझिस्टन्स वाढतो, आधी लांब पल्सला एखादी दुसरी स्पाइक (व्होल्टेजची झटपट उसळी) देणारा सेल आता स्पाइकवर स्पाइक देत सुटतो. दुसरा सेल आर-१५, पोटाकडच्या गँगलियॉनमधला मोठा, पांढरट, स्वतःहून बर्स्ट, म्हणजे स्पाइकचे घोस, मारणारा. त्याला कमी डोस सेरोटोनिन दिलं की इनवर्ड रेक्टिफायर प्रकारचं (आतल्या दिशेने करंट जास्त सहज सोडणारं) पोटॅशियम चॅनल जास्त उघडतं, दोन बर्स्टमधली दरी खोल होते. बेन्सन आणि लेव्हिटन ह्यांनी १९८३ मध्ये हे दाखवलं. डोस वाढवला की त्याच सेलमध्ये कॅल्शियम करंटही वाढतो आणि बर्स्ट उलट जोरदार होतात, म्हणून म्हटलं मघाशी की वजन नीट करा.

आणि ह्या दोन्ही सेलमध्ये निरोप्या एकच आहे, सायक्लिक एएमपी, सेलच्या आतला एक छोटा रेणू. रिसेप्टरला सेरोटोनिन चिकटलं, अ‍ॅडेनिलिल सायक्लेज (सायक्लिक एएमपी बनवणारं एन्झाइम) जागं झालं, सायक्लिक एएमपी वाढला, त्याने प्रोटीन कायनेज ए (प्रोटीनला फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम) सोडवलं, कायनेजने फॉस्फेट चिकटवला. इथपर्यंत अगदी सारखं. एका सेलमध्ये शेवटी पोटॅशियम बंद, दुसऱ्यात पोटॅशियम सुरू. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. अर्थ काय ठरवायचा ते औषधाच्या हातात नाहीच, समोर कुठलं चॅनल बसलंय त्याच्या हातात आहे. पॅरिसच्याच लोकांनी १९८६ मध्ये गोगलगायीत दाखवलं की काही न्यूरॉनमध्ये सेरोटोनिन सायक्लिक जीएमपीमार्फत कॅल्शियम करंट वाढवतं, म्हणजे निरोप्याही बदलू शकतो.

निरोप्या तपासायचे तीन प्रश्न. निरोप्या बाहेरून दिला तर सेरोटोनिनसारखंच होतं का? ८-ब्रोमो सायक्लिक एएमपी (सेलमध्ये शिरू शकणारं त्याचं रूप) द्या, फॉर्स्कोलिन (सायक्लेजला उठवणारं) द्या. फॉर्स्कोलिन तर आपलं जवळचं, कोलियसच्या मुळातला हा पदार्थ १९७० च्या दशकात मुंबईत होक्स्टच्या संशोधन केंद्रात वेगळा केला गेला. पण ते स्वतःच काही पोटॅशियम करंटवर थेट बसतं, सायक्लिक एएमपीशी संबंध नसताना, आणि हे मोलस्कच्याच न्यूरॉनमध्ये दिसलेलं आहे, म्हणून जोडीला १,९-डायडिऑक्सीफॉर्स्कोलिनचा कंट्रोल पाहिजेच, ते सायक्लेजला उठवत नाही. दुसरा प्रश्न, निरोप्या अडवला तर सेरोटोनिन थांबतं का? अ‍ॅडम्स आणि लेव्हिटन ह्यांनी १९८२ मध्ये आर-१५ च्या आत कायनेजला अडवणारं प्रोटीन टोचलं आणि सेरोटोनिनचा पोटॅशियम रिस्पॉन्स गेला. तिसरा, सेरोटोनिन दिल्यावर निरोप्या खरोखर वाढतो का, ते बायोकेमिस्ट्रीने मोजायचं. तिन्ही जमले तर बोला.

आणि शेवटची टेस्ट जी मला सगळ्यात देखणी वाटते. सीगलबॉम, कामार्डो आणि कँडेल ह्यांनी न्यूयॉर्कला केली, १९८२. काचेच्या पिपेटचं टोक सेन्सरी न्यूरॉनवर टेकवायचं, हलकं शोषून सील करायचं, टोकाखाली तीन चार एस चॅनल येतात, पडद्यावर करंट पायऱ्यापायऱ्यांनी वर खाली होताना दिसतो. आता सेरोटोनिन डिशमधल्या पाण्यात टाकायचं, पिपेटमध्ये नाही. पिपेटच्या टोकाखालच्या चॅनलपर्यंत सेरोटोनिन बाहेरून पोचूच शकत नाही, काच आड आहे. तरी एक पायरी गळते आणि परत येत नाही, मग दुसरी गळते. चॅनलमधून जाणारा करंट तेवढाच राहतो, फडफडही बदलत नाही, उघडी असलेली चॅनलं एकेक करून कामावरून जातात. म्हणजे निरोप सेलच्या आतून फिरून आला. मग १९८५ मध्ये शूस्टर आणि सहकाऱ्यांनी मेंब्रेनचा तुकडा सेलपासून फाडून काढून त्याच्या आतल्या बाजूला नुसतं कायनेज आणि एटीपी दिलं, चॅनल बंद झालं. ह्याच चॅनलला एफएमआरएफ-अमाइड नावाचं पेप्टाइड अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिडच्या वाटेने उलट जास्त उघडतं, ही जोडी कंट्रोल म्हणून फार उपयोगी पडते, तुमच्या सेलमध्ये दोघं उलट दिशेला ओढत असतील तर एस चॅनलवर संशय घ्यायला जागा आहे.

उलट टेस्टही लक्षात ठेवा. सेरोटोनिन पिपेटमध्ये असतानाच चॅनल उघडत असेल, आणि मिलिसेकंदात, तर ते मॉड्युलेशन (आतल्या निरोप्यामार्फत होणारा बदल) नव्हे, रिसेप्टर आणि चॅनल एकच आहे. सी. एलिगन्स ह्या बारीक कृमीत मॉड-१ नावाचं असं क्लोराइड चॅनल आहे जे सेरोटोनिन थेट उघडतं, २००० मध्ये सापडलं.

एक सावधगिरी, एक चॅनल सापडलं म्हणून शोध थांबवू नका. एस चॅनलचा एवढा बोलबाला झाल्यावर बरीच वर्षं सगळे म्हणायचे की स्पाइक रुंद होते ती त्याच्यामुळे. मग १९८९ मध्ये ह्यूस्टनच्या बॅक्स्टर आणि बर्न ह्यांनी दाखवलं की त्याच सेलमध्ये सेरोटोनिन डिलेड रेक्टिफायर (स्पाइकनंतर सेलला परत खाली आणणाऱ्या) पोटॅशियम करंटलाही हात लावतं, आणि स्पाइक रुंद होण्यात त्याचा वाटा मोठा आहे, तर एस चॅनलचा जोर जास्त करून एक्सायटेबिलिटीवर. ह्या दुसऱ्या वाटेत प्रोटीन कायनेज सी पण येतं. म्हणून स्पाइकची रुंदी आणि स्पाइकची संख्या दोन्ही वेगवेगळी मोजा, एकीवरून दुसरीचा अंदाज करू नका.

वेळेचं पण तसंच. कल्चरमधल्या सेन्सरी आणि मोटर न्यूरॉनच्या जोडीला सेरोटोनिनचा एक पाच मिनिटांचा पल्स दिला तर परिणाम काही मिनिटं टिकतो, पाच पल्स अंतराने दिले तर २४ तासांनीही सायनॅप्स तगडा असतो आणि त्याला नवीन प्रोटीन बनावं लागतं. तेव्हा आज सकाळी ज्या सेलला चार वेळा सेरोटोनिन देऊन झालंय तो दुपारी नवा सेल नसतो, त्याच्यावर नवा प्रयोग सुरू करू नका. एका सेलला एक डोस, मग पंधरा वीस मिनिटं सलाइनने वॉश, पुन्हा तीच उणे ०.५ नॅनोअँपिअरची पल्स, आणि रेझिस्टन्स मूळ जागी परत आला तरच तो सेल हिशेबात धरायचा. परत आला नाही तर इलेक्ट्रोड हलला असेल, सेल गळत असेल, काहीही असेल, वहीत कारण लिहा आणि दुसरा सेल घ्या.